कानातला हडंबा

आज सकाळी लांबून हडंब्याचा आवाज आला आणि मी हातातला चहा न सांडता पिऊन टाकला. यात काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. ज्याचं जळतं त्याला कळतं. हडंबा म्हणजे आमच्या वाशीम जिल्ह्यातलं मळणीयंत्र. ट्रॅक्टरला जोडतात, तोंडातून वाळलेलं सोयाबीन कोंबतात, एका बाजूने दाणे पडतात, दुसऱ्या बाजूने कुटार, म्हणजे भुसकट, उडतं आणि चारी बाजूंनी आवाज निघतो. दसरा सरला की आसेगावच्या आसपासच्या शेतांतून तो सुरू होतो, तो दिवाळीपर्यंत. लोकांना तो ऐकून पीक घरात आल्यासारखं वाटतं. मला मात्र वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत तो ऐकला की पळून जावंसं वाटत होतं. आणि मी पळतही होते, लाजबिज न बाळगता.

मी सुजाता. वाशीमला रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये कामाला आहे आणि माझे कान फार चांगले आहेत. तीच तर बोंब आहे. लहानपणी अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, कानात दोष काही नाही, पोरीला आवाज जास्त लागतो, काही जणांचं असतं असं. माय म्हणाली, "जास्त लागते म्हंजे? आवाज काय मिरची हाये का?" आता वाटतं, मायनं तेव्हा न कळता अगदी नेमकं सांगितलं होतं. परातीत उलथनं घासलं की माझ्या दातांतून कळ जायची. स्टीलचा पेला फरशीवर पडला की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. कारंज्याच्या बाजारात एकदा दुकानदाराने लोखंडी वजन तराजूत आपटलं आणि मी, चांगली नऊ वर्षांची घोडी, भर रस्त्यात कान दाबून खाली बसले. मागे एसटी हॉर्न वाजवत उभी. मला ओढता ओढता मायची चप्पल तुटली. ती अनवाणी घरी आली आणि मला एक शब्द बोलली नाही, हे मला जास्त लागलं.

औषध सांगणाऱ्यांचा तर गावात कधीच तोटा नसतो. कोणी म्हणे कानात लसणाचं तेल टाका, कोणी म्हणे हिचं लग्न करून द्या. आत्याचा उपाय सगळ्यात जालीम. तिच्या पोराच्या लग्नात तिने मला दंडाला धरून डीजेच्या भिंतीपुढे नेऊन उभं केलं. "उभी राह्य इथं. सवय होते!" मी अडीच गाणी उभी राहिले आणि तिच्या नव्याकोऱ्या साडीवर ओकले. सवय आत्याला झाली, माझ्यापासून चार हात लांब उभं राहायची.

हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं. जयंतीची मिरवणूक आमच्या विहारापासून निघायची. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, सगळ्या मैत्रिणी नाचतायत, आणि मी बंद खिडकीच्या काचेला नाक लावून उभी. माय खालून हात हलवायची. तिच्या ओठांवरून कळायचं, ये म्हणतेय. आपल्याच माणसांच्या आनंदाची भीती वाटावी, याच्यासारखं वाईट काही नाही. मी रडायचे आणि कोणी विचारलं तर डोळ्यात कचरा गेला म्हणायचे.

मग कोर्ससाठी वाशीमच्या वसतिगृहात राहायला गेले आणि तिथे नाझिया भेटली. कारंज्याची, कापसाच्या व्यापाऱ्याची पोरगी, अभ्यास करताना डोक्यावर हे मोठ्ठे काळे हेडफोन आणि मान अशी हलतेय, जशी बैलाला माशी बसलीय. एका दुपारी खिडकीखालून विसर्जनाची मिरवणूक चालली होती. तीन डीजे, एकमेकांना खाऊन टाकतील असे. मी खाटेखाली शिरले होते. खरंच शिरले होते, गादीसकट. नाझियाने वाकून पाहिलं, काही विचारलं नाही, आपले हेडफोन काढून माझ्या कानांवर चढवले. मी किंचाळणारच होते, कारण आत रॉक चालू होतं. गिटार करवतीसारखी, ड्रम छातीवर पडणारे, आणि गाणारा बाप्या तर असा ओरडत होता जसं त्याचं शेत कोणी बळकावलंय.

आणि मला बरं वाटलं.

कसं सांगू? बाहेरचा आवाज मला न विचारता यायचा. कधी येईल, कुठून येईल, केवढा येईल, काही ठिकाणा नाही. मी दिवसभर त्याची वाट पाहत आखडलेली असायचे. या गाण्यात दणका होता, पण तो ठरल्या जागी पडत होता. चार ठोके, मग गिटार, मग चार ठोके. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मला माहीत होतं पुढे काय येणार. तिसऱ्यांदा मी त्याच्या आधीच तिथे जाऊन उभी होते. भिंत बांधावी तसं ते गाणं चहूबाजूंनी उभं राहिलं, एकही फट नाही, आणि भिंतीच्या आत मी एकटी, पाय पसरून. आवाज फार मोठाही ठेवावा लागत नव्हता. कमीजास्त करायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं, आणि तेच खरं औषध होतं. काट्याने काटा काढतात म्हणतात, तो माझा असा निघाला.

सगळ्यांचा असा निघत नाही, हेही सांगते. आमच्या लॅबमध्ये एक मुलगी आहे, तिलाही माझ्यासारखाच आवाज लागतो. तिला मी मोठ्या तोऱ्यात तेच गाणं ऐकवलं. तिने अर्ध्या मिनिटात हेडफोन भिरकावले, आणि त्या दिवशी तिला काम जमलं नाही. मी तिची माफी मागितली. तिला शांत करते ती पंख्याची घरघर, एकसुरी, तासन्‌तास. प्रत्येकाच्या कानाची चावी वेगळी असते, आणि ती ज्याची त्यालाच शोधावी लागते. नाझियाने मला माझी दिली आणि कोर्स संपल्यावर ते हेडफोनही दिले. एका बाजूला चिकटपट्टी लावलेले, अजून तेच आहेत.

आता माझी हडंब्याशी गाठ पडली तो हंगाम. चार वर्षं झाली.

आमच्या गावात मळणीला सावड असते. सहा घरच्या बाया एकमेकींच्या शेतात जातात. मजुरी नाही, हिशेब फक्त माणसांचा. तुझ्या घरून दोघी माझ्या हडंब्यावर, तर माझ्या घरून दोघी तुझ्या. मोजायचं काम शेजारच्या कासाबाईकडे. तिला कागद लागत नाही, बोटांच्या पेरांवर सगळं गाव बसवते. आमचं घर तिच्या पेरांवर नेहमी "दोघी" होतं, माय आणि वहिनी. मी मोजायला कधी नव्हतेच. बाबा गेलेले, दादा पुण्याला कंपनीत. त्या साली वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली आणि मायचा उजवा खांदा असा धरला की तिला स्वतःची वेणी घालता येईना. शेतात सोंगून ठेवलेल्या सोयाबीनची सुडी, म्हणजे हा एवढा ढीग, ताडपत्रीखाली पडून. वर ढग. आम्ही दुसऱ्यांकडे गेलो नाही तर आमच्याकडे कोणी येणार नव्हतं, आणि सुडी भिजली की आठ दिवसांत दाण्यांना कोंब फुटतात.

मी लॅबमधून रजा टाकून घरी आले तेव्हा कासाबाई ओट्यावर बसून पेरं मोजत होती.

"तुमच्या घरून कोन धरू व?" तिने मायला विचारलं.

माय खांदा चोळत राहिली.

"मले धरा मावशी," मी म्हणाले.

कासाबाईने माझ्याकडे बघितलं. वाईट नजरेनं नाही, आजारी माणसाकडे बघतात तसं. "तुले? बाप्पा! तुले तं कुकरची शिट्टी सोसत नाई पोरी. हडंब्यापाशी काय करशीन?"

"उभी राहीन."

"पाय बाई," ती मायकडे वळून म्हणाली, "मी एक बोट धरून ठेवतो. नाई जमलं तं सोडून देईन."

मला कामाची हौस नव्हती हो. मला ते बोट पाहिजे होतं. सव्वीस वर्षं मी या गावची आणि कोणाच्या एका पेरावरही मी नव्हते. आणि मायची सुडी त्याच पेराला टांगलेली होती.

पहिली पाळी कासाबाईच्याच शेतात. इथे मी एक मूर्खपणा केला, तो अगदी आमच्या गावच्या माणसानेच करावा असा. मी हेडफोन ओढणीखाली लपवले. का? तर, बाया म्हणतील कामावर आली का गाणे ऐकायला! लोक काय म्हणतील या एका गोष्टीपायी आम्ही जिवावर उदार होतो. सगळ्या बायांनी धुळीसाठी ओढण्या, पदर डोक्याला बांधलेलेच होते, त्यात माझंही खपून गेलं. मला सुडीवरून पेंढ्या आणून द्यायचं काम, पट्ट्यापासून लांब. हडंबा गजूभाऊचा. तोंडाशी तो स्वतः उभा, पेंढ्या आत सरकवणारा.

मशीन सुरू झाली. पहिल्या क्षणी मी सवयीने दोन पावलं मागे सरले. मी बटण दाबलं. चार ठोके. गिटार. भिंत उभी राहिली. हडंबा भिंतीपलीकडे राहिला, अंगाला हादरा लागत होता पण कानाला डंख नव्हता. मी पेंढी उचलली, दिली, वळले, उचलली. अर्ध्या तासात मला एवढा आनंद झाला, एवढा की माझे डोळे मिटले आणि मी तोंडाने ठोके मोजायला लागले. सुडीला टेकून क्षणभर तशीच उभी. आणि गजूभाऊने ते पाहिलं.

गजूभाऊ मनाचा लोण्यासारखा माणूस. त्याला वाटलं, पोरीला फेफरं आलं. त्याने धावत जाऊन ट्रॅक्टर बंद केला. हडंब्याचं पोट पेंढ्यांनी भरलेलं असताना! हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, की आधी पोट रिकामं होऊ द्यायचं, मग बंद करायचं. वरून माल दमट. आत सगळं गच्च आवळून बसलं. हादरा थांबला तसे मी डोळे उघडले, ओढणीखालचं गाणं बंद केलं, तर कासाबाई ओरडत होती.

"गजू! मशीन काहून बंद केली रे?"

"पोरगी पाय ना मावशी! डोये मिटून कायतरी बडबडून राह्यली!"

"मी बरी आहे," मी म्हणाले. कोणी ऐकलं नाही. एकजण पाणी मारायला धावली, एकीने माझ्या नाकाला कांदा लावला. कांदा कुठून आणला देव जाणे, डब्यातला असणार. मागून एक आवाज आला, "म्हनूनच मी म्हनत होती, हिले आनू नका." तो आवाज कोणाचा होता ते मला माहीत आहे, पण आज ती माझी चांगली मैत्रीण आहे, म्हणून नाव घेत नाही. कासाबाईने आभाळाकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. ते बोट आता सुटणार, हे मला दिसलं.

मग मी ओढणी सोडली आणि हेडफोन काढून सगळ्यांपुढे धरले. लाज वाटत होती, कान तापले होते, तरी सांगितलं. मला आवाज कसा लागतो, कारंज्याच्या बाजारात काय झालं, खाटेखाली काय झालं, सगळं. हे ऐकत ऐकत सगळ्या जणी हडंब्याचं झाकण उघडून आतला गच्च माल हाताने ओढून काढत होत्या, मीही काढत होते. दीड तास गेला. दीड तास मी पहिल्यांदाच गावाशी माझ्या कानांबद्दल बोलले आणि कोणी औषध सांगितलं नाही, कारण सगळ्यांचे हात कोपरापर्यंत मशीनच्या पोटात होते.

शेवटी कासाबाई हात झटकून म्हणाली, "आन बरं इकडे. आयकू तं दे काय हाये."

तिने हेडफोन पदरावरूनच चढवले. मी गाणं लावलं. तिचे डोळे एवढे मोठे झाले.

"अवो माय!" ती किती मोठ्याने ओरडली हे तिला कळलं नाही. "ह्या तं लोकायनं मानूसच हडंब्यात घातला!"

मग हेडफोन या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरले. एकीला ठेका आवडला, तिने कमरेवर हात ठेवून दोन ठुमके मारले. एकीचं कपाळ लगेच चढलं, "काढ व बाई, मले गरगरून राह्यलं." गजूभाऊ ऐकून म्हणाला, "ट्रॅक्टरची बेरिंग गेल्यावर असाच आवाज येते." हसून हसून आमची मुरकुंडी वळली. पण कासाबाई हसत नव्हती. ती विचार करत होती.

"कान बंद करून मशीनपाशी उभं राह्यनं बरं नाई," ती म्हणाली. "कोनी हाक मारली तं तुले आयकू येनार नाई. तू माह्या डोयासमोरच राह्यजो. मी पदर हलवला का थांबायचं. अन् तुले थांबायचं असन तं मूठ वर कर. डोये मिटले तं आमी काई समजनार नाई. गजू, आयकलं? डोये मिटले तं पोरगी खुशीत हाये!"

गजूभाऊने ट्रॅक्टरवर चढून माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा वर करून विचारलं, लावू? उभ्या आयुष्यात आवाज करण्याआधी मला कोणी पहिल्यांदा विचारत होतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि त्या दिवशी कचऱ्याचं निमित्त खरंच खपलं असतं, एवढं कुटार आमच्या अंगावर बसलं होतं. मी हेडफोन चढवले, उघड, ओढणीच्या वरून, आणि अंगठा वर केला.

त्यानंतरचं काय सांगू! मी अशी राबले, अशी राबले! गिटार सुटली की माझे हात सुटायचे. ड्रम आणि हडंबा एका लयीत येतात अशी एक जागा त्या गाण्यात आहे, तिथे तर मला वाटायचं, हे सगळं मीच वाजवतेय. दाण्यांची धार पाटीत पडत होती, सोनेरी धूळ उन्हात तरंगत होती, आणि मी त्या गोंगाटाच्या ऐन मध्ये उभी होते. मी, जी परातीच्या आवाजाला घाबरत होते! दर थोड्या वेळाने कासाबाईकडे नजर टाकायचे. ती मान हलवायची. एकदा मला वाटलं ती ठेक्यावर हलवतेय, पण तिने ते कधी कबूल केलं नाही.

पाच शेतं झाली. एका दिवशी मात्र मला जमेना, गाणंही आत घुसायला लागलं. मी मूठ वर केली आणि बांधावर जाऊन तासभर डोकं गुडघ्यात घालून बसले. कोणी कांदा आणला नाही. तासाने उठून आले तेव्हा माझी जागा तशीच मोकळी ठेवलेली होती.

सहावं शेत आमचं. पाची घरच्या बाया आल्या. सकाळपासून ढग असे खाली आले होते की हात लावावा. शेवटचं पोतं शिवून ताडपत्री ओढली आणि ढग, आले तसे, शिरपूरकडे निघून गेले. एक थेंब नाही! गजूभाऊने हडंबा आधी रिकामा होऊ दिला, मग बंद केला, आणि मुद्दाम माझ्याकडे बघून दाखवलं.

बाया गेल्यावर मी आणि माय पोत्यांवर बसलो. माय म्हणाली, "मलेही आयकव." मी एका हाताने तिचे केस बाजूला करून हेडफोन लावले. दुखरा खांदा सांभाळत, पाठ ताठ करून, तिने अख्खं गाणं ऐकलं. मधे तोंड वाकडं केलं, पण काढले नाहीत. संपल्यावर हळूच काढून मांडीवर ठेवले.

"ह्या एवढ्या दनक्यात तुले शांत वाटते?"

"हो माय."

तिने मांडीवरचे हेडफोन उलटसुलट करून पाहिले.

"म्हंजे आमच्या घरात जे आमाले शांत वाटत होतं," ती म्हणाली, "ते तुले ह्याच्याहून जास्त लागत होतं. लहानपनापासून."

तिने चांगल्या हाताने माझा कान धरला, लहानपणी ओढायला धरायची तसा, आणि ओढला नाही. नुसता धरून बसली.

त्यानंतर मी जयंतीच्या मिरवणुकीत चालले. काळे हेडफोन, पांढरी साडी, आणि माझ्या कानात माझा ओरडणारा बाप्या. बाहेर वाजत होतं एक, मी नाचत होते दुसऱ्यावर, आणि तरी पाय बरोबर पडत होते. आत्याने पाहिलं आणि सवयीने चार हात लांब सरकली. मी तिला ओढून आणलं.

पण माझा खरा विजय तो नाही. खरा विजय त्या हंगामाच्या पुढच्या वर्षी झाला. दसऱ्यानंतर कासाबाई नेहमीसारखी ओट्यावर आली. वहिनी परत आली होती, मांडीवर लेकरू. मायचा खांदा सुधारला होता. मी आत चहा टाकत होते, रजा मिळेल की नाही याची धाकधूक, आणि बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. माझे कान चांगले आहेत, सांगितलं ना.

कासाबाई पेरं मोजत आमच्या घरापाशी आली. "तुमच्या घरच्या दोघी," ती म्हणाली आणि पुढच्या पेरावर जायला लागली.

"थांब," माय म्हणाली. "तिघी. अन् पयले सुजीले धर."